मागच्या सीटवरचं वजन

दादा,

सगळ्यात आधी सांगून टाकते, गाडी विकलेली नाही. रोहनने बघायला एक माणूस आणला होता, त्याला मी दारातूनच परत पाठवलं. तुझ्या मुलाला वाटतंय, आत्याचं डोकं फिरलंय. वाटू दे.

आज तुला जाऊन सतरा दिवस झाले. तेरावं झालं, गोडाचं जेवण झालं, पाहुणे आपापल्या घरी गेले. येणारा प्रत्येक जण एकच म्हणत होता, "भाग्यवान हो! दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. कुणाला त्रास नाही, काही नाही." मी मान हलवत होते. मनात म्हणत होते, त्रास नाही कसा? मला विचारा. बहिणीशी भांडण अर्धवट टाकून निघून गेला, याला भाग्य म्हणायचं का?

तू शुक्रवारी गेलास. बुधवारी संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि तुझा फोन आला.

"नलू, शनिवारी बिबवेवाडीला येतेस का? पाच मिनिटांचं काम आहे. मागे बसायचंय फक्त."

"कशाला?"

"रुंद टायर बसवलेत. वजन टाकून बघायचंय, घासतात का ते."

मी म्हटलं, "गव्हाची दोन पोती ठेव," आणि फोन ठेवून दिला.

एकोणसत्तर वर्षांची झाले मी. कळायला लागल्यापासून तुझ्याशी बोलतेय, आणि त्या सगळ्या बोलण्याचा शेवट काय, तर गव्हाची दोन पोती. भाऊ-बहिणी एकमेकांना जाताना काहीतरी बरं बोलतात म्हणे. मी तुला धान्य सुचवलं. त्यावर तू काही म्हणालास का, हेसुद्धा मला माहीत नाही, कारण मी फोन आधीच ठेवला होता. कणकेच्या हाताने ठेवला. फोनच्या कडेला ती वाळलेली कणीक अजून आहे. पुसवत नाही.

लोक काँटेसा भंगारात घालायला लागले होते तेव्हा तू ती घेतलीस. अख्खी आळी हसली होती. एवढी लांबलचक गाडी, लिटरला सात किलोमीटर जाणार, आणि पगार पिंपरीच्या कंपनीतल्या ड्राफ्ट्समनचा! वहिनी आठ दिवस तुझ्याशी बोलली नव्हती. आई मात्र त्याच संध्याकाळी पदर सावरून पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि म्हणाली, "चल, सारसबागेपर्यंत." त्या दिवसापासून पुढची सीट आईची आणि मागची डावी खिडकी माझी. आई गेल्यावरही मी पुढे बसले नाही. तूही कधी म्हटलं नाहीस की पुढे ये. लोक बघायचे, या बाई काय ड्रायव्हर ठेवल्यासारख्या मागे बसतात! मला त्याचं काही वाटायचं नाही. मागे बसलं की तुझं टक्कल दिसायचं आणि त्याच्याशी भांडता यायचं.

आणि मागे बसायचं माझं कामही होतं, नाही का? तू कधी मागच्या स्प्रिंगचे पाटे बदललेस, कधी रिम बदलल्या, की मागच्या मडगार्डच्या आतल्या कडेला खडू फासायचास. डावीकडे गुलाबी, उजवीकडे निळा. मग मला मागे बसवून चार गतिरोधकांवरून गाडी उडवायचीस. उतरून टायर बघायचा. टायरवर रंग लागला म्हणजे तो कडेला घासतोय, नाही लागला म्हणजे पास. खडू माझ्या शाळेचे. निवृत्त होईपर्यंत मी फळ्याखालचे तुकडे पर्समध्ये गोळा करून तुला आणून दिले. शिपाई म्हणायचा, बाईंचा भाऊ लहान आहे का? मी म्हणायचे, हो, खूपच.

याच गाडीतून तू ह्यांना दवाखान्यात नेलंस. माझ्या मांडीवर ह्यांचं डोकं होतं, तोंडावर घाम. कर्वेनगरहून निघालो ते तू एकदाही हॉर्न वाजवला नाहीस आणि एकदाही ब्रेक करकचून दाबला नाहीस. खड्डा आला की आधी सांगायचास, "नलू, धर." डॉक्टर नंतर म्हणाले, वेळेत आणलंत. त्यानंतर हे चार वर्षं जगले. ती चार वर्षं मला तू दिलीस. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. तुझ्याकडे बघून असलं काही बोलायला जावं तर तू लगेच म्हणणार, "पेट्रोलचे दे मग." म्हणून राहिलं. आता बोलते, तर ऐकायला तू नाहीस.

मग गेल्या पावसाळ्यातला तो गंगाधामचा उतार.

रस्ता ओला होता, वर कुणाच्या तरी गाडीचं तेल सांडलेलं. तू वळण घेतलंस आणि गाडीची मागची बाजू सुटली. सुटली म्हणजे काय हे मागे बसलेल्यालाच कळतं. तू पुढे होतास, तुझ्या हातात निदान स्टिअरिंग होतं. माझ्या हातात काय होतं? भाजीची पिशवी! खिडकीतून आधी दुकानं दिसली, मग झाडं, मग समोरून येणारा टेम्पो. गाडी रस्त्यात आडवी होऊन थांबली. टेम्पोवाला हातभर अंतरावर थांबून शिव्या घालत होता. मी ओरडत होते. आणि तू हसत होतास.

माझं डोकंच सणकलं. "हसतोस काय? मेले असते मी! चौऱ्याहत्तरीला आलास, आता तरी वीक हे धूड!" असं म्हणून मी दार उघडून उतरले, रिक्षा केली आणि घरी आले. टोमॅटो तुझ्या गाडीत सांडले ते तसेच.

दादा, आता सांगते ते ऐक. तू घाबरलास की हसतोस, हे मला माहीत होतं. मला नाही माहीत तर कुणाला माहीत असणार? लहानपणी अप्पा छडी घेऊन यायचे तेव्हा तू हसायचास आणि त्या हसण्यापायी दोन जास्त खायचास. वहिनीला आत नेलं होतं तेव्हा ऑपरेशनच्या दाराबाहेर तू असा काही हसत बसला होतास की नर्सने हटकलं. साठ वर्षं मी ते हसू बघत आलेय. आणि त्या एका दिवशी, भर रस्त्यात, मला ते ओळखू आलं नाही. किंवा ओळखू आलं आणि मी ओळख दाखवली नाही. यातलं खरं कुठलं ते मलाच कळत नाही, आणि सतरा दिवस मी तेच उगाळत बसलेय.

त्यानंतर मी गाडीत बसले नाही. भाऊबीजेला ओवाळलं, ताटात तू पाकीट टाकलंस, मग नेहमीसारखं म्हणालास, "चल, चक्कर मारू." मी म्हटलं, "रिक्षाने जाते." तुझा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. हो, वाटलं बरं. लपवून काय करू?

मग तू मागच्या रुंद टायरांचं काढलंस. मला वाटलं, म्हाताऱ्याला नवं खूळ लागलं. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात मिरवायचं असेल. मी म्हटलंसुद्धा, "पुढून सडपातळ आणि मागून घेर सुटलेला. गाडीला स्थळं बघायचीयत का?" तू म्हणालास, "रस्ता जास्त धरते त्याने." बस्स! तू असं म्हणायला आणि माझ्यातली विज्ञानाची बाई उठायला एकच गाठ पडली. मी कपाटातून लाकडी ठोकळा आणि ताणकाटा काढला. जेवणाच्या टेबलावर ठोकळा आडवा ठेवून ओढला, मग उभा ठेवून ओढला. काटा दोन्ही वेळा तेच दाखवत होता.

"बघ. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. नववीच्या पोराला येतं."

तू ठोकळा हातात घेऊन उलटसुलट केलास. "ठोकळ्यावर बसून कोण फिरतं, नलू? रबर आहे ते."

"नियम तो नियम."

"तुझा नियम लाकडाचा आहे. मी लाकडाची चाकं लावत नाहीये."

दोन तास वाजलं आपलं. भात गार झाला. जाताना दारात चप्पल घालता घालता तू विचारलंस, "खडू आहेत का गं?" मी म्हटलं, "शाळा सुटली, खडू संपले." कपाटात, त्याच ठोकळ्याच्या मागे, अख्खा खोका होता. रंगीत. निवृत्त होताना तुझ्यासाठीच आणला होता. तू म्हणालास, "बरं," आणि जिना उतरलास. एका हाताने कठडा धरून उतरत होतास, तेही मी बघितलं. हाक मारली असती तर वर आला असतास.

गेल्या आठवड्यात मी शोधून वाचलं. दिवस तुझ्या फोटोसमोर घालवण्यापेक्षा बरं म्हणून वाचलं. रबराचं गणित खरंच वेगळं असतं रे. ते रस्त्याच्या खाचाखोचांत दबतं, आणि तिथे रुंदीला अर्थ असतो. म्हणजे तुझं बरोबर होतं. पण साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगायला बघतो, तेव्हा माझंही अगदीच चूक नव्हतं. अर्धं तुझं, अर्धं माझं. इतकं छान भांडण झालं असतं यावर! आता मी हे कुणाशी भांडू? रोहन म्हणतो, "आत्या, लेट इट गो." कपाळ माझं.

आज सकाळी अन्वरचा फोन आला. तुझा टायरवाला. म्हणाला, "ताई, काकांची गाडी माझ्याकडेच आहे. जागा अडलीय असं नाही, पण काय करू ते सांगा." मला वाटलं होतं, गाडी तुझ्या पार्किंगमध्ये कव्हरखाली असेल. ती बिबवेवाडीला त्याच्या शेडमध्ये उभी होती, तुझी वाट बघत. तुझी म्हणजे, खरं तर माझी.

मी खोका पिशवीत घातला आणि गेले.

अन्वर बारीक, सरळ माणूस. खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. मग तुझी वही काढली. ती चौकटीची वही, जिच्यात तू आयुष्यभर घरातल्या फडताळापासून नळाच्या तोटीपर्यंत सगळ्याचं ड्रॉइंग काढत आलास. शेवटच्या पानावर मागच्या चाकाचा उभा छेद होता. टायर मूळच्यापेक्षा तीस मिलिमीटर रुंद. पंधरा आत, पंधरा बाहेर. आत पाट्याशी किती जागा उरते, बाहेर मडगार्डच्या कडेशी किती उरते, सगळं टोकदार पेन्सिलीने. आणि खाली बारीक अक्षरात, "चालक ८८. मागे डावीकडे नलू ६२ (?)"

बासष्ट! दादा, मी अडुसष्टच्या वर जाऊन किती वर्षं झाली माहीत आहे का तुला? बासष्ट होते मी रोहनच्या मुंजीत. त्या कंसातल्या प्रश्नचिन्हाकडे बघून मला हसू आलं, आणि मग त्या शेडमध्ये, टायरांच्या ढिगाऱ्यासमोर, ते हसू थांबेना. अन्वर घाबरला. त्याला काय माहीत, आपल्याकडे हे असंच असतं.

तो म्हणाला, "मी काकांना म्हटलं होतं, ताई नाही येत तर वाळूची पोती टाकू. तर म्हणाले, पोतं ओरडत नाही. माझी बहीण बरोबर चाकावर बसते, टायर जरा लागला तरी ओरडते. तिचं वजन येऊ दे, मग ट्रायल घेऊ."

"असं म्हणाला?"

"हो. गुरुवारी." मग म्हणाला, "ताई, मी त्यांना विचारलं होतं, या वयात रुंद टायर कशाला? एवढी खटपट, रिम बदला, पाटा वाढवा. तर म्हणाले, पावसात गाडीची मागची बाजू आधी सुटते. आणि मागे ती बसते."

बुधवारी मी गव्हाची पोती म्हटलं, आणि गुरुवारी तू हे म्हणालास. म्हणजे रागावला नव्हतास. म्हणजे मी येईन असं धरून चालला होतास. हे कळून मला बरं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. तू रागावून गेला असतास तर निदान माझा राग तुझ्या रागाला टेकून उभा राहिला असता. आता तो एकटाच उभा आहे आणि मला त्याची लाज वाटते. आणि तुझाही राग येतो. मेल्या, मलाच सांगायला काय झालं होतं हे? अन्वरला सांगितलंस! मी ठोकळा ओढत बसले होते तेव्हा एक वाक्य बोलला असतास तर मी ठोकळा खिडकीबाहेर फेकला असता. पण नाही. तू पाण्याच्या निचऱ्याच्या, रबराच्या जातीच्या गोष्टी सांगत राहिलास. आणि मीही नाही सांगितलं की त्या उतारानंतर रिक्षातसुद्धा वळण आलं की मी डोळे मिटून दांडी धरते. तुला वाटलं मी रुसलेय. मी घाबरले होते. आपण दोघंही घाबरलो होतो आणि दोघांनीही दुसरंच काहीतरी दाखवलं.

मी खोका उघडला. अन्वर म्हणाला, मी लावतो. मी म्हटलं, नको. गुडघे दुखत असताना खाली बसले आणि दोन्ही कडांना खडू फासला. डावीकडे गुलाबी, उजवीकडे निळा. मग मागचं डावं दार उघडलं. पायाखाली सुकून काळा पडलेला एक टोमॅटो होता, सीटखाली गेलेला. तुला दिसला नसणार. मी तो रुमालात घेतला आणि बसले. पुढची सीट रिकामी होती, ती नेहमीच असते. तुझ्या जागी अन्वर बसला.

त्याला म्हटलं, "गंगाधामच्या उतारावरून घे."

"नक्की, ताई?"

"घे म्हटलं ना."

कोरडा रस्ता, लख्ख दुपार. गतिरोधक आला की मी कान देऊन ऐकत होते. जीव मुठीत होता माझा, खोटं कशाला बोलू. वळणावर मी सीटची कड धरली. टायर घासल्याचा आवाज आला नाही. परत येताना अन्वरने मुद्दाम एका खड्ड्यात चाक घातलं. तरी नाही. मी ओरडायला तयार होते, दादा. अगदी तोंड उघडून बसले होते. ओरडायला काही मिळालंच नाही.

शेडमध्ये येऊन आम्ही दोघांनी मोबाइलच्या उजेडात बघितलं. कडेवरचा गुलाबी खडू जसाच्या तसा. टायर काळा, स्वच्छ. निळ्या बाजूलाही तेच. अन्वर टाळी वाजवून म्हणाला, "पास! काकांचं ड्रॉइंग म्हणजे ड्रॉइंग." मी तीन वेळा हात फिरवून बघितला. कुठेतरी एक ठिपका असावा, मला तुला "सांगितलं होतं ना" म्हणता यावं, एवढीच आशा होती. नव्हता.

मग मी विचारलं, "अन्वर, तुझं वजन किती?"

"माझं? साठ असेल."

"दादा अठ्ठ्याऐंशी होता."

"मग काय झालं, ताई? ते पुढे बसणार. एवढ्याने मागच्या टायरला काही फरक पडत नाही."

हे खरं आहे. एकतीस वर्षं शिकवलंय मी, मला येतं हे गणित. अठ्ठावीस किलोंतले जेमतेम निम्मे मागे येणार, आणि तेवढ्याने गाडी मोजताही येणार नाही इतकी खाली बसणार. मी मनातल्या मनात सगळं करून बघितलं आणि उत्तर बरोबर आलं. तरी मी अन्वरला म्हटलं, "खडू पुसू नकोस. ट्रायल अपुरी आहे."

तेवढ्यात रोहनचा फोन आला. तो रविवारी परत बंगळुरूला जाणार, त्याआधी गाडीचं प्रकरण निकालात काढायचंय. "आत्या, त्या माणसाला काय सांगू? तो परत विचारतोय."

"सांग, अजून ट्रायल पूर्ण झालेली नाही."

"मग कधी पूर्ण होणार?"

मी मागचं दार उघडून पुन्हा आत बसले होते. समोर ते टक्कल नव्हतं. ज्याच्याशी भांडायचं ते नव्हतं.

"वजन कमी पडतंय रे," मी म्हटलं. "त्याला येऊ दे."